सोमवारची कोरी यादी

१

बसा ताई, लगेच उतरू नका. आपण वीस मिनिटं लौकर आलोय, आणि वरच्या आजी साडेदहाच्या आधी दार उघडत न्हाईत. तेवढ्यात तुम्हाला एक गोष्ट सांगतो. खून न्हाई त्यात, दरोडा न्हाई. पण गुन्हा हाय, संशयित हायेत, आणि गुन्हेगार सगळा वेळ तिथंच बसून चहा पीत होता. मी सातवी शिकलेला माणूस, एकतीस वर्षं बस चालवली. कॉम्प्युटरचं सांगताना कुठं चुकलो तर धम्मदीपला विचारा. बाकीचं मात्र जसं घडलं तसं.

तुमचा आज संस्थेत पहिला दिवस, म्हणून मागचं थोडं सांगतो. वारज्यापासून हडपसरपर्यंत एकटी राहणारी म्हातारी माणसं आपल्या यादीत हायेत. कुणाची पोरं अमेरिकेत, कुणाची बाणेरला. फरक काय पडत न्हाई. रोज सकाळी सातला त्यांना मशिनीचा फोन येतो. "बरे असाल तर एक दाबा." एक दाबला की झालं. न्हाई दाबला, तर आठच्या यादीत त्या माणसाचं नाव वर येतं आणि ही व्हॅन त्यांच्या दारात जाऊन उभी राहते. लोक हसतात, मशीनच ते. पण मला माहीत हाय, काही जण त्या फोनसाठी साडेसहाला कवळी लावून तयार बसतात.

तर त्या सोमवारी यादी कोरी आली. टॅबवर नुसती चौकट, आत इंग्रजीत एक ओळ. ऑफिसात प्रेमलाताई असतात, त्यांनी वाचून दाखवली. सर्क्युलर डिपेन्डन्सी. मी विचारलं, म्हंजे काय? म्हणाल्या, "म्हणजे आज हातानं करायचं."

त्यांनी मागच्या आठवड्याची यादी समोर ठेवून, कुणाकडं जाऊन जास्त दिवस झाले ते बघून कागदावर नवी लिहिली. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी सकाळी यादीतल्या हेमाआजींच्या दाराला मंगळवारची दुधाची पिशवी तशीच लटकलेली दुधवाल्याला दिसली. कुलूप तोडलं. एक्याऐंशी वर्षांची बाई न्हाणीघरात पडली होती, खुब्याचं हाड मोडून. सोमवारी संध्याकाळपास्नं. मंगळवारचा फोन तिनं दाबला नव्हता. यादी चालू असती तर मंगळवारी नऊला मी तिच्या दारात असतो. कागदावर तिचं नाव नव्हतं, कारण आधीच्या शुक्रवारीच तिची भेट झाली होती.

जीव वाचला. पण संस्थेचे सेक्रेटरी संजय सर, त्यांनी दुपारी सगळ्यांना बोलावलं आणि धम्मदीपकडं बघून एवढंच बोलले, "यादीचं काम तुझं. शनिवारी अकरापर्यंत कारण सांग. नाहीतर राजीनामा."

२

धम्मदीप येरवड्याचा. आई म्हापालिकेच्या दवाखान्यात नर्स. ती यादी त्यानं एकट्यानं बनवली होती, अकरा महिने बिनबोभाट चालली. गुरुवारी भेटींना माणूस कमी होता म्हणून तो माझ्यासोबत व्हॅनमध्ये बसला. कर्वेनगरपर्यंत मोबाईल हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "नोकरी जाऊ दे मामा. पण पुढच्या ठिकाणी विचारतील, का सोडली. काय सांगू? माझ्यामुळे एक आजी दीड दिवस फरशीवर पडून होती?"

मी म्हटलं, खिडकी उघड, वारं लागू दे.

पहिलं घर पद्मजाबाईंचं. कॉलेजच्या लायब्ररीत सदतीस वर्षं होत्या. लग्न केलं न्हाई. घरात पुस्तकं, एक खुर्ची त्यांची आणि एक पाहुण्याची. पाहुण्याच्या खुर्चीवर बहुतेक वेळा वर्तमानपत्रांची चळत असते. धम्मदीपनं दारातनं विचारलं, "कशा आहात आजी?"

"आजी म्हणू नकोस. मला नातवंडं नाहीत आणि हौसही नाही. तुझं तोंड असं का झालंय? कोण गेलं?"

तो न्हाई म्हणाला, पण बाईंनी चळत खाली ठेवली. त्या घरात चळत खाली आली म्हंजे माणूस सुटत न्हाई. त्यानं लॅपटॉप उघडला.

"दोन रकाने आहेत मॅडम. पहिल्यात, माणसाची शेवटची भेट होऊन किती दिवस झाले. तो हिशोब मशीन भेटींच्या तक्त्यातून करतं. दुसऱ्यात, किती फोन दाबले नाहीत. तो फोनच्या तक्त्यातून. आता मशीन म्हणतं, पहिला रकाना दुसऱ्यावर अवलंबून आहे, दुसरा पहिल्यावर. गोल झाला, मी भरणार नाही. पण पहिल्याच्या सूत्रात दुसऱ्याचं नावसुद्धा नाही. दुसऱ्याच्या सूत्रात पहिल्याचं नाही. मी तीस वेळा वाचलंय."

"म्हणजे दोघं म्हणतात आम्ही एकमेकांना ओळखत नाही, आणि पोलीस म्हणतात एकाच खोलीत राहतात."

"हो."

"सूत्रं कुणी बदलली?"

"कुणीच नाही. शेवटचा बदल अकरा महिन्यांपूर्वीचा, माझाच. तिथं तारीख दिसते."

"फाईलला हात कुणाकुणाचा लागतो?"

"माझा. प्रेमलाताई नवी माणसं भरतात. आणि शुभंकर सर, खराडीच्या कंपनीतून येतात, सेवा म्हणून. माझी रविवारी सुट्टी असते तेव्हा ते बघतात. मामांकडे नुसता टॅब असतो."

बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "गेनबा, चहा आपणच टाका. तुम्हाला साखर कुठे आहे ते माहीत आहे." मी उठलो. आत चहा टाकला, पण कान बाहेर.

"एक सांग. हेमाताईंच्या ओळीत मशीन आकडा भरतं, तेव्हा त्याला कसं कळतं की ही ओळ हेमाताईंचीच?"

"नंबरवरून. प्रत्येकाचा वेगळा नंबर आहे."

"आमच्याकडे दाखल नंबर असायचा. एकाच पुस्तकाच्या चार प्रती असल्या तरी नंबर चार. एका वर्षी शिपायानं शिक्का मारताना एकच नंबर दोन पुस्तकांवर मारला. मग कुठलं कोण, हे बघायला काय करावं लागायचं माहिताय? नाव, लेखक, पुठ्ठ्याचा रंग, मागे चिकटवलेली तारखांची चिठ्ठी, सगळं ताडून बघायचं. आता तुझ्या मशीनकडून तो नंबर काढून घेतला, तर ते हेमाताईंना कसं ओळखेल?"

"मग ते त्या ओळीत जे जे लिहिलंय, त्या सगळ्यावरून ओळखेल. नाव, पत्ता, वय..."

तो थांबला. चहा उतू गेला तरी मी तसाच उभा होतो.

"सगळ्यावरून," तो हळू म्हणाला. "म्हणजे दुसऱ्या रकान्यातल्या आकड्यावरूनसुद्धा. पहिला रकाना भरायचा तर ओळ कुणाची ते कळलं पाहिजे. ते कळायला दुसरा रकाना आधी भरलेला पाहिजे. आणि दुसरा भरायला पहिला."

"झाला तुझा गोल. सूत्रांचं भांडण नाहीच. ओळख हरवली आहे."

"पण मॅडम, नंबर तर आहे. हा बघा, पहिलाच रकाना."

"तो तुला दिसतो. एका नंबरचं एकच माणूस, यावर मशीनचा भरवसा आहे का?"

धम्मदीपनं दुसरं पान उघडलं. तिथं तक्ते चौकोनात असतात आणि मधे रेघा, आपल्या बसच्या मार्गाच्या नकाशासारख्या. त्यानं रेघांच्या टोकांवर बोट ठेवलं.

"इथे एक असायचा," तो म्हणाला. "एकचा आकडा. म्हणजे इकडे एक माणूस, तिकडे त्याच्या पुष्कळ भेटी. दोन्ही रेघांवर आता चांदणी आहे. चांदणी म्हणजे पुष्कळ. कुणीतरी बदललंय हे."

३

परतताना त्यानं प्रेमलाताईंना फोन लावला. स्पीकरवर होता, मी गाडी चालवत होतो.

"रेघा? मी कशाला रेघांना हात लावू? मला माझं स्वेटर विणताना रेघ धड येत नाही. मी नंबर देते, रजिस्टरवरून, ओळीनं. नवा माणूस आला की आधी त्याच्या मुलाला नाहीतर मुलीला फोन करते, त्यांचं हो आलं की नंबर देते. शेवटचा तीनशे शेहेचाळीस. दहा दिवसांत नवा कुणी नाही."

"ताई, फाईलमध्ये ओळी तीनशे सत्तेचाळीस आहेत."

पलीकडं रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला.

"मग तो एक मी दिलेला नाही," त्या म्हणाल्या.

ताई, खोटं सांगत न्हाई, तेव्हा मी रोजचं वळण सोडून सरळ पुढं गेलो. का, ते सांगतो. थोडं थांबा.

शुक्रवारी आम्ही खराडीला गेलो. काचेची बिल्डिंग, खाली गेटवर माझा फोटो काढला, जसं काय मी पळून जाणार. शुभंकर खाली आला. पोरगा वाईट न्हाई. तोंड बघूनच कळलं की त्याला कळलंय.

"बघ यार धम्मदीप, संडेला रिफ्रेश फेल झालं. सांगत होतं की डुप्लिकेट व्हॅल्यू आहे, एक नंबर दोनदा आलाय. मला बाहेर निघायचं होतं. मी दोन्ही रिलेशनशिप, म्हणजे त्या रेघा, मेनी टू मेनी करून टाकल्या, एकच्या जागी स्टार. ती एरर गेली. रिफ्रेशला लावलं आणि लॅपटॉप बंद केला."

"पूर्ण झालं का, बघितलं नाही?"

"नाही."

"आणि मंडेला एरर आली तेव्हा?"

"अरे, त्यात कॉलमची नावं होती. तुझे कॉलम. मी कॉलमला टचच केलं नव्हतं. मला जेन्युइनली वाटलं हे वेगळं काहीतरी आहे." तो खाली बघत होता. "आणि मग आजींचं कळलं. मग बोलायला... जमलं नाही."

"माझी नोकरी चाललीये सर."

"मी येतो ना उद्या. संजय सरांना सांगतो."

गाडीत बसल्यावर धम्मदीप म्हणाला, "ते सांगतील, आणि सर त्यांना चहा पाजतील. त्यांची कंपनी देणगी देते मामा. सर मला विचारणार, नंबर दोनदा आलाच कसा? नंबर सांभाळणं तुझं काम. ते माणूस सापडल्याशिवाय मी सुटत नाही."

"कुठलं माणूस?" मी म्हटलं.

"तीनशे सत्तेचाळीसावं."

४

पुन्हा पद्मजाबाईंच्या घरी. मला वर जायचं नव्हतं. म्हटलं गाडीत बसतो. धम्मदीप म्हणाला चला मामा, तुम्ही असलात की त्या मला कमी बोलतात.

त्यानं दोनदा आलेला नंबर शोधला. मिनिटभराचं काम.

"एकशे अठरा. एक ओळ चंपाबाईंची. त्या एप्रिलमध्ये गेल्या. ओळ आपण काढत नाही, नोंद म्हणून ठेवतो, नुसतं बंद असं लिहितो. आणि दुसरी ओळ... ज्ञानोबा मारुती. वय सहासष्ट. हडपसर. शनिवारी दुपारी चार वीसला भरली. व्हॅनच्या टॅबवरून." तो माझ्याकडं वळला. "मामा, शनिवारी टॅब कुणाकडे होता?"

"कोण जाणे," मी म्हटलं. "चार माणसं होती गाडीत."

खोटं बोललो. त्या पोराच्या तोंडावर खोटं बोललो.

पद्मजाबाईंनी चष्मा पुसला, लॅपटॉप आपल्याकडं ओढला आणि ओळ शेवटपर्यंत वाचली. मग त्या दुसऱ्यांच्या ओळी वाचायला लागल्या. पाच वाचल्या, दहा वाचल्या.

"ह्या रकान्यात काय लिहितात? काही झालं तर कुणाला कळवायचं."

"मुलगा, मुलगी. नाहीतर शेजारी. तुम्ही तुमच्या भाचीचं दिलंय."

"ह्या ज्ञानोबांनी तुमच्या ऑफिसचाच नंबर दिलाय. बाकी कुणी दिलाय?"

त्यानं शोधलं. बाकीच्या तीनशे शेहेचाळीसात एकानंही न्हाई.

"धम्मदीप, दूध संपलंय. कोपऱ्यावरून घेऊन ये. पिशवी पाहून आण, कालची देतो तो."

तो गेला. दूध होतं ताई, मीच आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवलेलं. दार लागलं आणि बाई म्हणाल्या, "ऑफिसचा फोन नंबर पाठ असलेला, व्हॅनमध्ये बसलेला, हडपसरचा, सहासष्ट वर्षांचा माणूस. ज्याला ऑफिसशिवाय कळवायला कुणी नाही, किंवा आहे पण कळवायचं नाही. ज्ञानोबा, तुम्ही सांगता की मी?"

सगळे मला गेनबा म्हणतात. आधार कार्डावरचं नाव कुणाला ठाऊक असतं.

मी सांगितलं. राधा गेली त्याला दोन वर्षं झाली. पोरगा समाधान, तो खराडीलाच हाय, बाराव्या मजल्यावर. माझ्या घरापास्नं पंधरा मिनिटं. भांडण न्हाई, काय न्हाई. येत न्हाई, एवढंच. मी बी जात न्हाई. घरी गेलो की दिवा लावायचा, टीव्ही लावायचा. सकाळी व्हॅनमधून दहा दारं वाजवायची, "कशा हाय, कसे हाय" विचारायचं. मला कुणी विचारावं असं वाटायला लागलं. मशिनीनं विचारलं तरी चाललं असतं. रीतसर अर्ज करावा, तर प्रेमलाताई समाधानला फोन करणार. हडपसरला आमची सगळी भावकी. पोरगा पुण्यात असून बाप एकट्यांच्या यादीत, हे कळलं तर त्याचं बी तोंड काळं आणि माझं बी.

"म्हणून मेलेल्या बाईचा नंबर घेतलात?"

"बाई, आमच्या डेपोत असंच होतं. माणूस रिटायर झाला की त्याच्या लॉकरचा नंबर दुसऱ्याला. मोकळा नंबर कुणी वाया घालवतं का? मला वाटलं, चंपाबाई गेल्या, एकशे अठरा रिकामा झाला."

"फोन आला?"

"एकदा. रविवारी सातला. मी एक दाबला."

"मग?"

"मग काय. कट झाला."

बाईंनी लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. मला वाटलं शिव्या घालतील, त्यांना येतात. त्या म्हणाल्या, "मी त्या मुलाला सांगणार नाही. उद्या अकराला सरांना तुम्हीच सांगायचं. नाही सांगितलंत तर मी रिक्षा करून येईन, आणि मला रिक्षानं पाठ दुखते."

५

शनिवारी शुभंकर आला होता, त्यानं त्याचं सांगितलं. धम्मदीप गाडीत म्हणाला होता त्याप्रमाणंच झालं. सर म्हणाले, ठीक आहे, घाईत होतं असं, पण नंबर दोनदा आलाच कसा? आणि धम्मदीपकडं बघितलं.

मी दाराशी उभा होतो. म्हटलं, "ते मी हाय."

कुणाला कळलं न्हाई. मग मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. प्रेमलाताई विणकाम घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या सुया थांबल्या. धम्मदीप माझ्याकडं बघत होता, आणि मला त्याचं आदल्या दिवशीचं आठवलं, "टॅब कुणाकडे होता मामा".

सर म्हणाले, "गेनबा, तुम्ही आधी बोलला का नाहीत?"

"कुणाला?" मी म्हटलं.

राजीनाम्याचं परत कुणी काढलं न्हाई.

धम्मदीपनं तिथंच बसून माझी ओळ पुसली, चांदण्या काढून एक परत लावला, आणि यादी आली. नंतर त्यानं सूत्रं बी बदलली, आता त्यांनी नुसता नंबर बघायचा, माणसाचं बाकी काय बघायचं न्हाई. मला समजावून सांगितलं त्यानं. मी म्हटलं, बरं हाय. तो माझ्याशी बोलतो, पण मामा म्हणायच्या आधी आता थोडं थांबतो. ते चालायचंच.

प्रेमलाताईंनी समाधानला फोन केला. तो काय म्हणाला ते मी विचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई. सोमवारी मला माझा नंबर मिळाला. रोज सातला फोन येतो, मी एक दाबतो. समाधान एकदा येऊन गेला, पेढे घेऊन. का पेढे, देव जाणे. दोघांनी मॅच बघितली आणि तो गेला.

धम्मदीप राहिला, हे खरं. पण ताई, हिशोब तिथं मिटत न्हाई.

ही बिल्डिंग हेमाआजींची. तिसरा मजला. काल दवाखान्यातनं घरी आल्या, वॉकर घेऊन चालतात. त्यांना अजून कुणी काय सांगितलेलं न्हाई. त्यांना वाटतं मशीन बिघडलं होतं. सर म्हणाले, कशाला सांगायचं, म्हाताऱ्या बाईला त्रास. पण दीड दिवस ती बाई त्या फरशीवर पडून होती, आणि व्हॅनचा हॉर्न ऐकू येतो का म्हणून कान लावून होती, असं नर्स म्हणाली. व्हॅन माझी. मला सांगायचंय त्यांना. त्या मला दारातनं हाकलतील, न्हाई तर बस म्हणतील, मला ठाऊक न्हाई.

साडेदहा झाले. तुम्ही पुढं व्हा ताई, बेल तुम्ही वाजवा, मी दोन पायऱ्या मागं असतो. मी बोलायला लागलो की मधे बोलू नका. आणि जिन्यात मी मागं फिरलो, तर मला जाऊ देऊ नका.